आयझॅक वॉल्टन

आयझॅक वॉल्टन (९ ऑगस्ट, इ.स. १५९३:स्टॅफर्ड, इंग्लंड - १५ डिसेंबर, इ.स. १६८३:विंचेस्टर, इंग्लंड) हे इंग्लिश गद्यलेखक व चरित्रकार होते. गळाने मासे धरण्याच्या छंदावर त्यांनी लिहिलेले द कंप्लीट अँग्लर हे पुस्तक इ.स. १६५३ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाले. तेव्हापासून त्याच्या शेकडो आवृत्त्या निघाल्या असून इंग्लिश भाषेतील सर्वाधिक वेळा छापल्या गेलेल्या पुस्तकांत त्याची गणना होते. जॉन डन, हेन्री वॉटन, रिचर्ड हूकर, जॉर्ज हर्बर्ट आणि रॉबर्ट सँडरसन यांची चरित्रेही त्यांनी लिहिली.

वॉल्टन हे व्यवसायाने कापडाचे व्यापारी होते आणि त्यांचे विद्यापीठीय शिक्षण झालेले नव्हते. पिसे, लोकर व रेशीम यांपासून बनवलेली कृत्रिम माशी गळाला लावून मासे धरण्याची कला, म्हणजेच फ्लाय फिशिंग, आज जगभर त्यांच्या नावाशी जोडली जाते. प्रत्यक्षात ते मुख्यतः गांडूळ, टोळ, बेडूक, लहान मासे अशा नैसर्गिक आमिषाने मासे धरत असत. कृत्रिम माशीविषयीची माहिती त्यांनी आरंभी दुसऱ्या एका लेखकाकडून घेतली व तसे नमूदही केले. पुढे वयाच्या ८३व्या वर्षी त्यांनी आपल्याहून ३७ वर्षांनी लहान असलेले मित्र चार्ल्स कॉटन यांचे या विषयावरील स्वतंत्र लेखन आपल्याच पुस्तकाला जोडून घेतले.

पूर्वायुष्य

वॉल्टन यांचा जन्म इंग्लंडच्या मध्यभागातील स्टॅफर्ड या गावी झाला. २१ सप्टेंबर १५९३ रोजी तेथील सेंट मेरीज चर्चमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाल्याची नोंद आहे. ९ ऑगस्ट ही जन्मतारीख परंपरेने मानली जाते. त्यांचे वडील जर्व्हिस वॉल्टन हे गावात मद्यगृह चालवत असत. आयझॅक जेमतेम तीन-साडेतीन वर्षांचे असताना वडिलांचे निधन झाले. आई अ‍ॅन हिने पुढे हम्फ्री बोर्न या स्थानिक खानावळमालकाशी विवाह केला. मुसाफिरांची ये-जा, मेजावरील गप्पा व जेवणाची लगबग यांत वॉल्टन यांचे बालपण गेले. त्यांच्या पुस्तकात नदीकाठच्या खानावळी, तेथील यजमानीण आणि रात्रीचे जेवण यांची वर्णने ठायी ठायी आढळतात.

किशोरवयातच ते लंडनला गेले. तेथे बहिणीचे पती थॉमस ग्रिन्सेल यांच्याकडे त्यांनी उमेदवारी केली. त्या काळी लंडनमध्ये स्वतंत्रपणे व्यापार करण्यासाठी एखाद्या व्यापारी संघाचे सदस्यत्व आवश्यक असे. १२ नोव्हेंबर १६१८ रोजी वॉल्टन यांना आयर्नमाँगर्स कंपनी, म्हणजे लोखंडी मालाच्या व्यापाऱ्यांच्या संघाचे सदस्यत्व मिळाले. त्यांचा प्रत्यक्ष व्यवसाय मात्र कापडाचा होता.

लंडनमधील वास्तव्य

वॉल्टन यांचे दुकान फ्लीट स्ट्रीटवर, चॅन्सरी लेनच्या कोपऱ्याजवळ होते. हा भाग वकील, पुस्तकविक्रेते व मुद्रक यांच्या वर्दळीचा होता आणि सेंट डन्स्टन-इन-द-वेस्ट या चर्चच्या हद्दीत मोडत असे. इ.स. १६२४ मध्ये प्रसिद्ध कवी व धर्मोपदेशक जॉन डन यांची या चर्चवर नेमणूक झाली. वॉल्टन त्यांची प्रवचने नियमाने ऐकत. पुढे या दोघांत स्नेह जडला आणि त्यातून वॉल्टन यांची ओळख हेन्री वॉटन यांच्यासारख्या विद्वान मंडळींशी झाली. वॉटन हे पूर्वी व्हेनिस येथे इंग्लंडचे राजदूत होते व उत्तरायुष्यात ईटन कॉलेजचे प्रमुख झाले. त्यांनाही गळ टाकून मासे धरण्याचा नाद होता. वॉल्टन व ते थेम्स नदीकाठी एकत्र बसत असत.

इ.स. १६३२ ते १६४४ या काळात वॉल्टन यांनी सेंट डन्स्टन चर्चच्या स्थानिक कारभारात रस्तेसफाईची देखरेख, शिपाईगिरी, गरिबांना द्यावयाच्या मदतीची व्यवस्था अशी अनेक कामे पाहिली. दुकान, चर्चचे काम आणि सुटीच्या दिवशी शहराच्या उत्तरेस ली नदीकाठची भटकंती असा त्यांचा क्रम होता. मासेमारीच्या सहलींसाठी लागणारी जागांची माहिती त्यांनी याच वर्षांत जमवली.

कौटुंबिक जीवन

२७ डिसेंबर १६२६ रोजी कँटरबरी येथे वॉल्टन यांचा विवाह रेचेल फ्लड यांच्याशी झाला. रेचेल या आर्चबिशप थॉमस क्रॅन्मर यांच्या घराण्याशी नात्याने जोडलेल्या होत्या. या दांपत्याला सात अपत्ये झाली, परंतु त्यांपैकी एकही बालपण ओलांडू शकले नाही. इ.स. १६४० मध्ये रेचेल यांचेही निधन झाले.

इ.स. १६४७ मध्ये वॉल्टन यांनी अ‍ॅन केन यांच्याशी दुसरा विवाह केला. अ‍ॅन या पुढे बाथ व वेल्सचे बिशप झालेल्या थॉमस केन यांच्या सावत्र भगिनी होत. या विवाहापासून झालेल्या तीन अपत्यांपैकी कन्या अ‍ॅन व पुत्र आयझॅक ही दोन जगली. आयझॅक नावाचा आधीचा मुलगा तान्हेपणीच वारला होता. दुसऱ्या पत्नीचे इ.स. १६६२ मध्ये वुस्टर येथे निधन झाले. वुस्टर कॅथीड्रलमधील तिच्या स्मृतिशिलेवरील मजकूर वॉल्टन यांनी लिहिला आहे.

यादवी युद्ध

इ.स. १६४२ मध्ये राजा पहिला चार्ल्स व संसद यांच्यात यादवी युद्ध पेटले. लंडन शहर संसदेच्या बाजूने होते, तर वॉल्टन हे राजनिष्ठ व अँग्लिकन चर्चचे अनुयायी होते. इ.स. १६४५ मध्ये चर्चच्या प्रार्थनापुस्तकावर बंदी आली, पाठोपाठ बिशपांचे पद रद्द झाले आणि जानेवारी १६४९ मध्ये राजाला मृत्युदंड देण्यात आला. वॉल्टन यांच्या ओळखीतील अनेक धर्मोपदेशकांना आपापली चर्च सोडावी लागली. इ.स. १६४४ च्या सुमारास वॉल्टन व्यवसायातून निवृत्त झाले होते आणि त्यानंतर त्यांचा काही काळ स्टॅफर्डशायरमध्ये जाऊ लागला.

३ सप्टेंबर १६५१ रोजी वुस्टरच्या लढाईत मृत राजाचा पुत्र चार्ल्स याच्या सैन्याचा पराभव झाला. पळापळीत राजपुत्राचे एक रत्नजडित पदक कर्नल ब्लॅग या अधिकाऱ्याकडे राहिले होते. ऑर्डर ऑफ द गार्टर या मानाच्या सरदारी पदाचे हे चिन्ह ‘लेसर जॉर्ज’ या नावाने ओळखले जाते. ब्लॅग यांनी पकडले जाण्यापूर्वी ते स्टॅफर्डशायरमध्ये विश्वासू माणसांकडे दडवून ठेवले. हस्ते परहस्ते ते वॉल्टन यांच्याकडे आले. अठ्ठावन्न वर्षांच्या या निवृत्त व्यापाऱ्याने ते लंडनला नेऊन टॉवर ऑफ लंडनमध्ये कैदेत असलेल्या ब्लॅग यांच्याकडे पोहोचवले. ब्लॅग तेथून निसटले आणि ते पदक परदेशात आश्रयाला गेलेल्या राजपुत्राला परत मिळाले. पदकासह पकडले गेले असते, तर वॉल्टन यांच्या जिवावर बेतले असते. या प्रसंगाची नोंद एलायस अ‍ॅशमोल यांनी गार्टरविषयीच्या आपल्या ग्रंथात केली आहे. त्यानंतर दोनच वर्षांनी द कंप्लीट अँग्लर प्रसिद्ध झाले.

द कंप्लीट अँग्लर

प्रकाशन

पुस्तकाच्या शीर्षकाचा अर्थ गळाने मासे धरण्याच्या विद्येत तयार झालेला माणूस असा होतो. रिचर्ड मॅरियट यांनी ते प्रकाशित केले. सेंट डन्स्टन चर्चच्या आवारातील त्यांच्या दुकानात ते १८ पेन्सला विकले जात असे. मुखपृष्ठावर लेखकाचे नाव नव्हते. अर्पणपत्रिकेखाली केवळ आद्याक्षरे होती. पुस्तक आकाराने खिशात मावेल एवढे होते आणि त्यात माशांची कोरीव चित्रे होती. इ.स. १६५५ मध्ये निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीत वॉल्टन यांनी मोठी भर घातली. प्रकरणांची संख्या १३ वरून २१ वर गेली. त्यानंतर १६६१, १६६८ व १६७६ या वर्षी नव्या आवृत्त्या निघाल्या. अशा रीतीने सुमारे पाव शतक ते या एकाच पुस्तकावर काम करत राहिले.

रचना

पुस्तक संवादरूप आहे. मे महिन्यातील एका सकाळी लंडनच्या उत्तरेस टॉटनहॅम हिल येथे तीन वाटसरू एकत्र येतात. पिस्केटर हा गळ टाकणारा, व्हेनेटर हा शिकारी कुत्र्यांचा शौकीन आणि ऑसेप्स हा ससाणे पाळणारा असतो. प्रत्येक जण आपापल्या छंदाची थोरवी सांगतो. ऑसेप्स वाटेत निरोप घेतो. दुसऱ्या दिवशी अ‍ॅमवेल हिल येथे पाणमांजराची शिकार पाहून झाल्यावर व्हेनेटर पिस्केटरचे शिष्यत्व पत्करतो. पुढचे दिवस हे दोघे ली नदीकाठी फिरतात, मासे धरतात, ते खानावळीत शिजवून घेतात, गवळणीची गाणी ऐकतात आणि अखेर टॉटनहॅमला परत येतात. पहिल्या आवृत्तीत पात्रे दोनच होती आणि शिष्याचे नाव व्हायेटर, म्हणजे वाटसरू, असे होते.

हा आराखडा सर्वस्वी नवा नव्हता. इ.स. १५७७ मध्ये विल्यम सॅम्युएल यांनी याच विषयावर लिहिलेल्या पुस्तकातही पिस्केटर व व्हायेटर यांचा संवाद आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास त्याची एकमेव ज्ञात प्रत उजेडात आली, तेव्हा वॉल्टन यांनी ते वाचले असावे असे अभ्यासकांच्या लक्षात आले. वॉल्टन यांच्या संवादाचे वैशिष्ट्य त्यातील गुरु-शिष्य नात्यात आहे. शिष्याच्या हाती आधी मासा येत नाही, तो निराश होतो, गुरु त्याला आपली काठी देतो, आणि तरीही अपयश आल्यावर केवळ साधने चांगली असून भागत नाही हे त्याला कळते.

नवशिक्यासाठी मार्गदर्शन

वॉल्टन यांनी नवशिक्याला सोप्याकडून अवघडाकडे नेले आहे. गजन हा लहान मासा लाल गांडुळाने सहज लागत असल्याने हात बसण्यासाठी तो त्यांनी योग्य ठरवला आहे. संवादातील पहिला मासा चब हा असतो. काटेरी म्हणून लोक ज्याला नावे ठेवतात तो चब नीट साफ करून शिजवला तर चवदार होतो, हे पिस्केटर प्रत्यक्ष जेवणातून पटवून देतो. त्यानंतर ट्राउट, ग्रेलिंग, साल्मन, पाइक, कार्प, पर्च, ईल अशा माशांवर एकेक प्रकरण येते. प्रत्येकात माशाच्या सवयी, राहण्याची जागा, विणीचा हंगाम, आमिष व पाककृती असा क्रम साधारणपणे पाळलेला आहे.

साधनांविषयीचे विवेचन व्यवहारी आहे. त्या काळी गळाची दोरी घोड्याच्या शेपटीच्या केसांपासून वळत असत. केस गोल, स्वच्छ, काचेसारखे पारदर्शक व सारख्या जाडीचे निवडावेत. वळण्यापूर्वी ते पाण्यात भिजवावेत, नाहीतर काही केस आक्रसतात व दोरी कमजोर होते, असे वॉल्टन यांनी सांगितले आहे. दोरी पाण्यात उठून दिसू नये म्हणून ती रंगवण्याच्या आणि काठी टिकावी म्हणून तिला रंग देण्याच्या कृती त्यांनी दिल्या आहेत. साधने बनवणे ज्यांना शक्य नाही त्यांच्यासाठी लंडनमधील चांगल्या विक्रेत्यांची नावे व ठिकाणेही आहेत. रीळ त्या काळी नुकतेच वापरात येऊ लागले होते. साल्मनच्या संदर्भात वॉल्टन यांनी त्याचा ओझरता उल्लेख केला आहे. इतर मासेमारीत दोरी काठीच्या टोकालाच बांधलेली असे. त्यामुळे मोठा मासा लागल्यास दोरी सैल सोडण्याची सोय नसे आणि मासा दमेपर्यंत काठीच्या लवचीकपणावर भिस्त ठेवावी लागे.

सहलीसाठी दिवस निवडताना वाऱ्याची दिशा पाहावी, असा त्यांचा सल्ला आहे. दक्षिणेचा वारा त्यांनी सर्वांत अनुकूल व पूर्वेचा सर्वांत प्रतिकूल मानला आहे. पावसाचा आडोसा, मुक्कामाची खानावळ, शिदोरी आणि सोबतीला चांगला माणूस या गोष्टी त्यांच्या दृष्टीने गळ व दोरीइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

कृत्रिम माशी

ट्राउट हा मासा पाण्यावर पडणारे कीटक खातो. एवढा नाजूक कीटक गळाला टोचून दूर फेकणे कठीण असल्याने त्याची प्रतिकृती गळावरच बांधण्याची पद्धत युरोपात प्राचीन काळापासून आहे. इंग्लंडमध्ये इ.स. १४९६ मध्ये छापलेल्या एका प्रबंधात अशा बारा माश्यांची यादी आलेली होती. वॉल्टन यांनी दिलेल्या बारा माश्या बऱ्याच अंशी त्याच परंपरेतील आहेत. त्यांचा प्रत्यक्ष वापर कसा करावा, याविषयी त्यांनी थॉमस बार्कर यांच्या इ.स. १६५१ मध्ये निघालेल्या पुस्तकाचा आधार घेतला व बार्कर यांचा नामोल्लेख केला.

या भागातील काही सूचना मात्र आजही उपयुक्त समजल्या जातात. काठी हलकी असावी, वारा पाठीशी व सूर्य समोर असावा, म्हणजे काठीची वा माणसाची सावली पाण्यावर पडत नाही. दोरी पाण्याला न लागता केवळ माशी लागावी. नदीवर गेल्यावर आधी काठाने चालत त्या दिवशी पाण्यावर कोणते कीटक पडत आहेत ते पाहावे, ट्राउट ज्यावर झेपावतो तो कीटक पकडून न्याहाळावा आणि जवळच्या पिशवीतील केस, लोकर, कोंबड्याची व बदकाची पिसे, रंगीत रेशीम यांतून तशीच माशी तिथल्या तिथे बांधावी. ठरावीक बारा माश्यांच्या यादीपेक्षा निरीक्षणावर भर देणारी ही सूचना पुढील शतकांत फ्लाय फिशिंगचे मूलतत्त्व ठरली.

चार्ल्स कॉटन व पुस्तकाचा दुसरा भाग

चार्ल्स कॉटन (२८ एप्रिल, इ.स. १६३० - इ.स. १६८७) हे स्टॅफर्डशायर व डर्बीशायर यांच्या सीमेवरील बेरेसफर्ड हॉल येथील जमीनदार, कवी व अनुवादक होते. मोन्तेन यांच्या निबंधांचा त्यांनी केलेला इंग्लिश अनुवाद प्रसिद्ध आहे. खर्चिक स्वभावामुळे ते सतत कर्जात असत. साध्या राहणीचे व धर्मनिष्ठ वॉल्टन आणि विनोदी, उधळे कॉटन यांचा स्वभाव अगदी भिन्न होता. तरीही कॉटन वॉल्टन यांना वडिलांच्या जागी मानत.

बेरेसफर्ड हॉलच्या जमिनीतून डव्ह नदी वाहते. चुनखडीच्या डोंगरांतील तिचे पाणी स्वच्छ व वेगवान आहे. ली नदीच्या संथ पाण्यात चालणारी आमिषाची पद्धत येथे फारशी उपयोगी पडत नसे. इ.स. १६७४ मध्ये कॉटन यांनी नदीच्या वळणावर दगडी बांधणीचे एक लहान मासेमारीगृह उभारले आणि दारावर स्वतःची व वॉल्टन यांची आद्याक्षरे एकमेकांत गुंफून कोरली. कॉटन यांच्या लेखनानुसार वॉल्टन यांनी ही कोरलेली शिळा पाहिली होती, पण ती भिंतीत बसवलेली त्यांना पाहता आली नव्हती. ते शेवटचे आले तेव्हा बांधकाम दाराच्या कमानीपर्यंतही पोहोचलेले नव्हते. ही वास्तू आजही उभी आहे.

पाचवी आवृत्ती छापली जात असताना, वॉल्टन यांच्या इच्छेला मान देऊन कॉटन यांनी स्वच्छ प्रवाहात ट्राउट व ग्रेलिंग धरण्याविषयीचे विवेचन इ.स. १६७६ च्या मार्च महिन्यात सुमारे दहा दिवसांत लिहून पूर्ण केले. त्यातही गुरु-शिष्यांचा संवाद असून प्रवासाला महत्त्व आहे. डर्बीशायरच्या रस्त्यावर एका परक्या वाटसरूची कॉटन यांच्या पिस्केटरशी गाठ पडते. वाटसरू वॉल्टन यांचा चाहता निघतो. मग यजमान त्याला अ‍ॅशबोर्नमार्गे, उभ्या उतारावरून व अरुंद पुलावरून आपल्या घरी नेतो. सपाट प्रदेशातून आलेला पाहुणा त्या उतारांनी धास्तावतो. मिलडेल येथील तो लहान दगडी पूल आज ‘व्हायेटर्स ब्रिज’ याच नावाने ओळखला जातो.

कॉटन यांनी जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत महिनावार ६५ माश्यांची माहिती दिली. माशीसाठी निवडलेली लोकर सूर्यप्रकाशात डोळ्यांसमोर धरून पाहावी, कारण हातात दिसणारा रंग व उजेडाविरुद्ध दिसणारा रंग वेगळा असतो, हे त्यांनी बजावले. काठी साडेचार ते साडेपाच मीटर लांब, पण हलकी असावी. दोरी गळाजवळ केवळ दोन केसांची असावी व काठीकडे जाताना केसांची संख्या टप्प्याटप्प्याने वाढवावी. त्यामुळे माशी सरळ व अलगद पडते. पाणी जितके स्वच्छ, तितकी दोरी बारीक आणि माणूस दूर, हे त्यांच्या पद्धतीचे सार आहे. पुस्तकातील पाहुण्याला ते स्वतःच्या हाताने माशी बांधायला लावतात आणि त्याच ओबडधोबड माशीने त्याला मासा मिळतो.

वॉल्टन यांनी कॉटन यांचा मजकूर न बदलता स्वीकारला. त्याच वर्षी या दोन भागांना रॉबर्ट व्हेनेबल्स यांचे द एक्सपीरियन्स्ड अँग्लर हे पुस्तक जोडून तिन्ही एकत्रितपणेही विकली गेली. व्हेनेबल्स हे यादवी युद्धात संसदेच्या बाजूने लढलेले सेनाधिकारी होते. पंचवीस वर्षांपूर्वी राजाचे पदक लपवून नेणारा लेखक आणि क्रॉमवेलचा सेनानी अशा रीतीने एकाच बांधणीत शेजारी आले.

चरित्रलेखन

जॉन डन यांचे चरित्र हेन्री वॉटन लिहिणार होते व वॉल्टन त्यांच्यासाठी माहिती गोळा करत होते. इ.स. १६३९ मध्ये वॉटन यांचे निधन झाले आणि डन यांच्या प्रवचनांचा संग्रह छापखान्यात जाण्याच्या बेतात होता. त्यामुळे वॉल्टन यांनी स्वतःच चरित्र लिहिले. ते इ.स. १६४० मध्ये या संग्रहाच्या आरंभी प्रसिद्ध झाले. त्यानंतर वॉटन (१६५१), हूकर (१६६५), हर्बर्ट (१६७०) व सँडरसन (१६७८) यांची चरित्रे त्यांनी लिहिली. पहिली चार चरित्रे इ.स. १६७० मध्ये एकत्र निघाली.

परिचितांच्या आठवणी, पत्रे व मृत्युपत्रे यांचा वापर करून व्यक्तीचे स्वभावचित्र उभे करणारी ही चरित्रे इंग्लिश चरित्रवाङ्मयातील आरंभीच्या महत्त्वाच्या कृतींत गणली जातात. मात्र वॉल्टन चरित्रनायकाच्या सौम्य व धर्मशील बाजूवर अधिक प्रकाश टाकतात, काही प्रसंगांचा कालक्रम बदलतात आणि संभाषणे आपल्या शब्दांत रचतात, असे आधुनिक संशोधकांनी दाखवून दिले आहे.

उत्तरायुष्य व निधन

इ.स. १६६० मध्ये राजेशाही पुन्हा स्थापन झाली. वॉल्टन यांचे जुने मित्र जॉर्ज मॉर्ली प्रथम वुस्टरचे व इ.स. १६६२ पासून विंचेस्टरचे बिशप झाले. दुसऱ्या पत्नीच्या निधनानंतर वॉल्टन यांचा बराच काळ मॉर्ली यांच्याच आश्रयाने गेला. त्यांची कन्या अ‍ॅन हिचा विवाह विंचेस्टर कॅथीड्रलशी संबंधित धर्मोपदेशक विल्यम हॉकिन्स यांच्याशी झाला. १५ डिसेंबर १६८३ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षानंतर, वॉल्टन यांचे विंचेस्टर येथे निधन झाले. तेथील कॅथीड्रलमधील प्रायर सिल्कस्टेड यांच्या चॅपेलमध्ये त्यांचे दफन करण्यात आले.

मृत्युपत्र त्यांनी त्याच वर्षी ९ ऑगस्ट रोजी लिहावयास घेतले होते. स्टॅफर्डजवळील शॅलोफर्ड येथे त्यांनी विकत घेतलेली हाफहेड फार्म ही शेती, पुत्र ठरावीक वयापर्यंत अविवाहित राहिल्यास, स्टॅफर्ड गावाकडे जावी अशी तरतूद त्यात होती. तिच्या उत्पन्नातून गरीब मुलांना एखाद्या धंद्याच्या उमेदवारीस लावणे, गरीब मुलीच्या विवाहास साहाय्य करणे आणि हिवाळ्यात गरजूंना कोळसा पुरवणे ही कामे व्हावीत, असे त्यांनी नमूद केले. स्वतः उमेदवारीतून वर आलेल्या वॉल्टन यांची ही इच्छा पुत्र अविवाहित राहिल्याने प्रत्यक्षात आली.

टीका

वॉल्टन यांच्या मासेमारीच्या ज्ञानावर त्यांच्या हयातीतच आक्षेप घेतले गेले. क्रॉमवेलच्या सैन्यात राहिलेले व स्कॉटलंडच्या नद्यांत साल्मन धरलेले रिचर्ड फ्रँक यांनी नॉर्दर्न मेम्वार्स या पुस्तकात वॉल्टन यांच्यावर अनुभवाऐवजी जुन्या ग्रंथांतून मजकूर उचलल्याचा आरोप केला. हे पुस्तक इ.स. १६९४ मध्ये प्रसिद्ध झाले. पाइक हा मासा पाणवनस्पतीपासून निपजतो, या वॉल्टन यांनी ग्रंथाधारे दिलेल्या समजुतीवरून स्टॅफर्ड येथे आपला त्यांच्याशी वाद झाला व वॉल्टन निघून गेले, असेही फ्रँक सांगतात. माशांच्या उत्पत्तीविषयीची वॉल्टन यांची अनेक विधाने आज चुकीची ठरली आहेत.

दुसरा आक्षेप क्रौर्याचा आहे. जिवंत बेडूक गळाला कसा लावावा याचे वॉल्टन यांनी केलेले वर्णन वाचकांना खटकत आले आहे. कवी बायरन यांनी डॉन ह्वान या काव्यात यावरून त्यांच्यावर कठोर टीका केली. शांती व सौजन्याचा पुरस्कार आणि आमिषाच्या प्राण्याला होणारी वेदना यांतील विसंगतीकडे आजही लक्ष वेधले जाते.

वारसा

वॉल्टन यांच्या निधनानंतर द कंप्लीट अँग्लर काही दशके मागे पडले. सॅम्युएल जॉन्सन यांच्या सूचनेवरून मोझेस ब्राउन यांनी इ.स. १७५० मध्ये त्याची नवी आवृत्ती काढली. इ.स. १७६० मध्ये जॉन हॉकिन्स यांनी चरित्र व टिपांसह आणखी एक आवृत्ती सिद्ध केली. एकोणिसाव्या शतकात पुस्तकाची लोकप्रियता शिगेला पोहोचली. याच शतकाच्या उत्तरार्धात हॅम्पशायरमधील टेस्ट व इचेन या नद्यांवर, म्हणजे वॉल्टन यांचे अखेरचे वास्तव्य असलेल्या परिसरात, पाण्यावर तरंगणाऱ्या ‘कोरड्या’ माशीचे तंत्र विकसित झाले. फ्रेडरिक हॅल्फर्ड यांनी ग्रंथांद्वारे ते सर्वत्र पोहोचवले.

विंचेस्टर कॅथीड्रलमधील वॉल्टन यांच्या समाधीजवळ इ.स. १९१४ मध्ये इंग्लंड व अमेरिकेतील मासेमारांच्या देणगीतून रंगीत काचांची खिडकी बसवण्यात आली. तीत ते नदीकाठी पुस्तक वाचत बसलेले दाखवले आहेत. याकोब हाउसमन्स यांनी काढलेले त्यांचे व्यक्तिचित्र लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. शॅलोफर्ड येथील त्यांच्या मालकीच्या घरात संग्रहालय आहे. अमेरिकेत इ.स. १९२२ मध्ये शिकागो येथे स्थापन झालेली आयझॅक वॉल्टन लीग ही संस्था नद्या, माती व वन्यजीव यांच्या संरक्षणासाठी कार्य करते. मासेमारांनीच नद्यांच्या प्रदूषणाविरुद्ध स्थापन केलेल्या या संस्थेला वॉल्टन यांचे नाव देण्यात आले.

ग्रंथसंपदा

जॉन डन यांचे चरित्र (१६४०)
हेन्री वॉटन यांचे चरित्र (१६५१)
द कंप्लीट अँग्लर (१६५३, सुधारित आवृत्त्या १६५५, १६६१, १६६८, १६७६)
रिचर्ड हूकर यांचे चरित्र (१६६५)
जॉर्ज हर्बर्ट यांचे चरित्र (१६७०)
रॉबर्ट सँडरसन यांचे चरित्र (१६७८)